दाव्याच्या खर्चाचे तारण: कसोटी वसुलीची हवी, ऐपतीची नव्हे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा सल्ला वादीला देता येतो. प्रतिवादीच्या तो कामाचा नाही. समन्स आले की त्याला पायरी चढावीच लागते, वकील द्यावा लागतो, तारखांना हजर राहावे लागते. अखेर दावा खोटा ठरून वादीने खर्च द्यावा असा हुकूम झाला, तरी वादी परदेशात आणि इथे त्याच्या नावावर काहीच नाही, अशी स्थिती असेल तर तो हुकूम कागदावरच राहतो. त्यासाठी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २५ आहे. प्रतिवादीच्या अर्जावरून किंवा स्वतःहून, दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, न्यायालय कारणे नोंदवून वादीकडून झालेल्या आणि होऊ घातलेल्या खर्चाचे तारण मागू शकते. ठरलेल्या मुदतीत ते न दिल्यास, दावा मागे घेण्याची परवानगी मिळाली नसेल तर, तो फेटाळला जातो. इतके जालीम हत्यार कोणावर चालवायचे, हाच खरा प्रश्न आहे.

कायदा एका बाबतीत सक्ती करतो: सर्व वादी भारताबाहेर राहत असतील आणि दाव्यातील मिळकत सोडून त्यांच्यापैकी कोणाचीही देशात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर तारण मागावेच लागते. दुबईत नोकरी करणाऱ्याने रत्नागिरीच्या वडिलोपार्जित घरात हिस्सा मागितला, तर ते घर या हिशेबात धरले जात नाही. गरिबीचा मात्र या सक्तीत उल्लेख नाही. उलट आदेश ३३ नादार वादीला कोर्ट फी न भरता दावा लावू देतो. मूळ संहितेत पैशाच्या दाव्यातील वादी स्त्री असेल आणि तिच्याकडे पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर तिच्याकडूनही तारण मागण्याची मुभा होती. ती पुढे वगळली गेली. इंग्लंडमध्येही केवळ गरीब आहे म्हणून व्यक्तीकडे तारण मागत नाहीत. खर्च चुकता करू न शकणाऱ्या कंपनीकडे मात्र ते मागता येते, कारण कंपनी बुडाली तरी तिच्यामागचे भागधारक सहसा मोकळे राहतात. म्हणजे तारण मागण्याचे समर्थनीय कारण एकच उरते: हरल्यावर वसुली कोणाकडून आणि कुठे करायची?

ही मर्यादा ओलांडली की काय होते, हे विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज या २०१० च्या निकालात दिसते. मिळकतीच्या तोंडी कराराच्या पूर्ततेसाठी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने वादीकडून अशी हमी मागितली, की हरल्यास तो प्रतिवादींना २५ लाख रुपये देईल. हेतू वाईट नव्हता. दाव्यामुळे प्रतिवादींची मिळकत अडकून पडणार होती. पण संहितेत अशा हमीची तरतूदच नाही आणि कलम १५१ मधील अंगभूत अधिकारांतून ती निर्माण करता येत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अशा हमीला मान्यता मिळाली असती, तर खरा पण पैसे नसलेला वादी दारातूनच परतला असता. दाव्यात दम आहे की नाही हे पुराव्याआधी वादीच्या खिशावरून ठरवता येत नाही.

यावर आक्षेप येईल की मग खोट्या दाव्यांना आवर कसा घालायचा? त्याचे उत्तर खर्चाच्या हुकुमातच आहे. खोट्या दाव्याबद्दलच्या भरपाईखर्चाला कलम ३५अ ने तीन हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. आजच्या काळात एवढ्या रकमेला कोणी घाबरेल असे वाटत नाही. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी वादांत ही मर्यादा काढली आणि हरणाऱ्याने खर्च द्यावा हे सर्वसाधारण सूत्र घालून दिले. तोच विचार साध्या दाव्यांतही यायला हवा. खर्चाचा आकडाच नगण्य असेल, तर त्याच्या तारणाने प्रतिवादीच्या पदरात फारसे काही पडत नाही. दुसरा आक्षेप असा, की परदेशस्थाला सूट मिळाली तर इथला प्रतिवादी उघडा पडेल. पण परदेशी राहणे आणि वसुली अशक्य असणे या दोन गोष्टी एक नाहीत. कलम ४४अ खालील परस्पर अंमलबजावणीच्या यादीत ब्रिटन व सिंगापूर आहेत, २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीही आली. तिथे भारतीय हुकूमनाम्यालाही वाट आहे; अमेरिका मात्र या यादीत नाही. हा फरक न बघता सर्वांवर एकच सक्ती लादणे जुनाट आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने आदेश २५ मध्ये केलेली भर या दृष्टीने योग्य दिशेची आहे. मिळकतीतील हिस्सा लिहून देऊन वादीने तिऱ्हाइताकडून दाव्यासाठी पैसा घेतला, तर न्यायालय त्या तिऱ्हाइताला, त्याची संमती असल्यास, वादी करून घेऊ शकते आणि त्याच्याकडे तारण मागू शकते. जिंकल्यावर जो वाटा घेणार, त्याने हरल्यावरचा खर्चही सोसावा. सक्तीच्या कलमालाही हाच न्याय लावून संसदेने ते सुधारावे: आधी खर्चाचे आकडे वास्तव करावेत, मग वसुलीची शक्यता पाहून तारण ठरवण्याची मोकळीक न्यायाधीशांना द्यावी, आणि केवळ निर्धनतेवरून तारण मागता येणार नाही हे स्पष्ट शब्दांत लिहावे.