आधी बिल वाचा, मग छताकडे बघा
(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आज आपण बोलणार आहोत घराच्या छतावर बसवायच्या सौर पॅनेलबद्दल आणि त्यासाठी सरकार देत असलेल्या अनुदानाबद्दल. या विषयावर गावात दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणते, "लाइट फुकट होते गं." दुसरी म्हणते, "त्यात पडू नको, पैसे अडकतात." दोघींचं थोडं थोडं खरं आहे. आपल्या घराला यातलं कोणतं लागू पडतं, हे ठरतं आपल्या लाइट बिलावरून. म्हणून हे भाषण वाचताना किंवा ऐकताना घरातलं शेवटचं बिल हातात घ्या. त्यात दोन गोष्टी शोधा. बिल कुणाच्या नावावर आहे आणि महिन्याला किती युनिट जळतात?

योजना काय आहे

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. देशातल्या १ कोटी घरांच्या छतावर पॅनेल बसवायचे, असं तिचं उद्दिष्ट आहे आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदानाचा हिशेब सोपा आहे. १ किलोवॉटला ३० हजार रुपये, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून कितीही मोठं घेतलं तरी ७८ हजार. त्याच्या वर नाही.

आता १ किलोवॉट म्हणजे काय? साधारण दोन मोठे पॅनेल. त्यांना छतावर शंभरेक चौरस फूट जागा लागते. चांगलं ऊन असेल तर त्यातून दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज तयार होते. आपल्याकडे मे महिन्यात ऊन भरपूर असतं, पण पावसाळ्यात आभाळ भरून राहिलं की उत्पादन बरंच खाली येतं. म्हणून हिशेब नेहमी वर्षाचा करायचा, एका महिन्याचा नाही.

तुमच्या घराला किती किलोवॉट?

ज्यांचा वापर महिन्याला १५० युनिटपर्यंत आहे, त्यांना १ ते २ किलोवॉट पुरतं. १५० ते ३०० युनिटवाल्यांना २ ते ३. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या साध्या घरात चार दिवे, दोन पंखे, टीव्ही आणि उन्हाळ्यात कूलर एवढंच असेल, तर ३ किलोवॉटची गरजच नाही. पण विकायला येणारा माणूस बहुतेक वेळा ३ किलोवॉटचंच सांगतो, कारण "७८ हजार मिळतात" हे ऐकायला मोठं वाटतं. अनुदान मोठं असतं, तसा घरातून घालायचा पैसाही मोठा असतो.

हिशेब करून बघू. सरकारने धरलेली किंमत पहिल्या २ किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ५० हजार आहे आणि तिसऱ्यासाठी ४५ हजार. बाजारात याहून जास्तही सांगतात. सरकारच्याच भावाने धरलं तर २ किलोवॉटचे १ लाख होतात. त्यातले ६० हजार अनुदानाचे, ४० हजार आपले. समजा एका घरात महिन्याला १६० युनिट जळतात आणि पॅनेलमुळे बिलातले १,२०० रुपये वाचले, तर आपले ४० हजार साधारण पावणेतीन वर्षांत सुटतात. पॅनेल पंचवीसेक वर्षं चालतात. हा सौदा चांगला आहे.

आता दुसरं घर घ्या. तिथे महिन्याला ५० युनिटच जळतात आणि ३०० रुपये वाचतात. १ किलोवॉटचे ५० हजार, ३० हजार अनुदान, २० हजार आपले. ते सुटायला साडेपाच वर्षं लागतात. म्हणजे तोटा नाही, पण घाईही नाही. असा फरक का पडतो? महावितरणचे पहिले १०० युनिट स्वस्त असतात आणि १०१ व्या युनिटपासून दर जवळपास दुप्पट होतो. ज्यांचं बिल १०० युनिटच्या वर जातं, त्यांना पॅनेलचा फायदा जास्त.

कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी

नेमक्या या लहान घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये वेगळी योजना आणली आहे. तिचं नाव 'स्मार्ट', म्हणजे स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. यात १ किलोवॉटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्य आपली भर घालतं. घर दारिद्र्यरेषेखालील असेल तर राज्याचे १७,५०० मिळतात आणि ग्राहकाला फक्त २,५०० भरावे लागतात. दारिद्र्यरेषेच्या वरचं, पण १०० युनिटच्या आत वापर असलेलं घर असेल, तर अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना राज्याचे १५ हजार मिळतात आणि त्यांचा वाटा ५ हजार राहतो. इतरांना राज्याचे १० हजार, त्यांचा वाटा १० हजार.

मघाचं ५० युनिटचं घर आठवा. ते दारिद्र्यरेषेखाली असेल, तर २,५०० रुपये नऊ महिन्यांच्या आत सुटतात. म्हणून अशा घरातल्या बाईने ३ किलोवॉटच्या नादी लागण्याआधी या योजनेची चौकशी करावी. इथे संख्या ठरलेली आहे, राज्यभरात ५ लाख घरं. आधी येईल त्याला आधी मिळतं. बिलाची थकबाकी असेल तर ती आधी चुकती करा.

बिल कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. बिलावर नाव असतं सासऱ्याचं आणि सासरे जाऊन दहा वर्षं झालेली असतात. बिल भरलं जातं म्हणून कुणी नाव बदलत नाही. पण अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होतं. बिल, आधार कार्ड आणि बँक पासबुक, तिन्हीकडे नाव जुळलं पाहिजे.

म्हणून पहिलं काम नाव बदलण्याचं. महावितरणच्या कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, घराच्या मालकीचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि बाकीच्या वारसांची संमती, एवढी तयारी ठेवा. आणि नाव बदलायचंच आहे, तर घरात बसून एकदा बोला की मीटर कुणाच्या नावावर करायचं. बऱ्याच घरकुलांवर बाईचं नाव लागलेलं आहे, एकटीचं किंवा नवऱ्यासोबत. घर तुमच्या नावावर असेल तर मीटरही तुमच्या नावावर होऊ शकतं. मग अनुदानही तुमच्याच खात्यात येतं. एकट्या राहणाऱ्या, विधवा बहिणींनी तर हे काम पुढे ढकलूच नये.

छत कसं आहे?

स्लॅबचं घर असेल तर प्रश्न नाही. टिनाचं छत असेल तर खालचे अँगल मजबूत आहेत का ते तपासून घ्या. कवेलूच्या घरावर मात्र पॅनेल ठेवू नका, जुनी लाकडं ते वजन आणि वारा सोसत नाहीत. त्यांनी खांबांवर उभारलेल्या उंच सांगाड्याची चौकशी करावी. पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे हवं आणि दिवसभर त्यावर चिंचेची, आंब्याची सावली पडता कामा नये. एका कोपऱ्यात सावली पडली तरी वीज बरीच घटते.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही. स्लॅबवर आपलं वाळवण असतं. मिरच्या, वड्या, पापड, धान. ३ किलोवॉट बसवलं की तीनशे चौरस फूट जागा गेली. म्हणून बसवायला माणूस येईल तेव्हा स्वतः वर जा. वाळवणाची जागा कुठली, पाण्याच्या टाकीची कुठली, हे दाखवून द्या. सांगाडा उंच केला तर खालची जागा वापरता येते, पण त्याचे पैसे वेगळे लागतात. ते आधीच लिहून घ्या. आपल्या भागात विजा पडतात, वारा-वादळ होतं. त्यामुळे अर्थिंग आणि वीजरोधक या दोन गोष्टींत काटकसर चालत नाही.

अर्जाच्या पायऱ्या

पहिली पायरी, नोंदणी. पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर किंवा ॲपवर बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकून नोंदणी होते. नोंदणीला सरकार फी घेत नाही. सेवा केंद्रात करून घेतली तर त्यांचं काय शुल्क आहे ते विचारून, पावती घ्या.

दुसरी, यादीतल्या नोंदणीकृत पुरवठादारांपैकी एक निवडणं. निदान तिघांकडून लेखी भाव घ्या. पॅनेल भारतात बनवलेले हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. पाच वर्षं देखभाल करणं पुरवठादारावर बंधनकारक आहे, तेही करारात बघा.

तिसरी, पॅनेल बसल्यावर महावितरण नेट मीटर लावतं आणि तपासणी करतं. चौथी, पोर्टलवर बँक खात्याचा तपशील भरायचा. त्यानंतर साधारण तीस दिवसांत अनुदान जमा होतं.

केंद्राच्या योजनेतलं अनुदान नंतर येतं, पुरवठादाराचे पैसे आधी द्यावे लागतात. "पैसे अडकतात" ही तक्रार इथूनच येते. हातात रक्कम नसेल तर सरकारी बँका ३ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी काहीही तारण न घेता, सुमारे सहा-सात टक्के व्याजाने कर्ज देतात. दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याचं महागडं कर्ज पॅनेलसाठी घेऊ नका. बिलात वाचेल त्याहून जास्त व्याजात जाईल. आणि अनुदान जमा करतो म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

'शून्य बिल' आणि लाइट गेल्यावर

नेट मीटर दोन्हीकडे मोजतं. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतून घेतो, बिल फरकाचं येतं. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात आणि मार्चअखेर हिशेब मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटला अगदी कमी दर मिळतो, म्हणून विजेतून कमाई होईल या आशेने मोठा संच घेऊ नका. वीज एक युनिटही विकत घेतली नाही, तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

आणि बॅटरी नसलेला हा संच लाइट गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तो बिघाड नसतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणून ती सोय असते. लाइट गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा, तिला अनुदान नाही.

देखभाल फारशी नाही. धानाच्या मळणीत धूळ उडते, तेव्हा पॅनेल मऊ कापडाने, साध्या पाण्याने पुसायचे. सकाळी लवकर किंवा सूर्य उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

शेतातल्या पंपासाठी योजना वेगळी आहे, 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. तिथे शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. तिचा अर्ज घराच्या अर्जात मिसळू नका.

गटाने काय करायचं

सातारा जिल्ह्यातलं पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे छोटं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. अख्खं गाव एकत्र आलं म्हणून ते जमलं. आपल्याकडे सुरुवात गटाच्या पुढच्या बैठकीपासून करता येईल. दहाही जणींनी आपापलं बिल आणायचं. वहीत चार रकाने आखायचे. नाव कुणाचं, वर्षभरात महिन्याला किती युनिट, थकबाकी आहे का, छत कसलं. मग दिसेल की कुणाला आधी नाव बदलायचं आहे, कुणाला 'स्मार्ट' योजना लागू पडते, कुणाला २ किलोवॉट परवडतं आणि कुणी सध्या थांबलेलं बरं. तीन-चार जणी एकत्र भाव विचारतील तर पुरवठादारही नीट बोलतो. ही वही घेऊन महिला सभेत आणि ग्रामसभेत जा. गावातल्या घरांवर पॅनेल बसले की दर घरामागे १ हजार रुपये प्रोत्साहन म्हणून ग्रामपंचायतीलाही मिळतात, हे सरपंचांना आठवण करून द्या.

अडचण आली तर योजनेचा मदत क्रमांक १५५५५ आहे आणि महावितरणचा १९१२.

चला तर मैत्रिणींनो, बैठकीला येताना बिल विसरू नका.