थंडीचा कडाका आणि उशिरा लागलेला बटाटा: रात्र होण्याआधी काय करायचं?



आधीचं पीक लांबल्यामुळे ज्यांचा बटाटा डिसेंबरात लागला, त्यांनी हा मेसेज शेवटपर्यंत वाचा. तुमचं पीक आत्ता कोवळं आहे. बेणं, खत, मजुरी हा सगळा खर्च होऊन गेलाय, पण बटाटा अजून पोसायचाय. थंडीनं पाला गेला तर पीक मागे पडतं, आणि मार्चचं ऊन काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून आत्ताचा पाला वाचवणं महत्त्वाचं.

*१) मोबाईलवरच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका*
हवामानात दिसणारं तापमान हे जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पानाजवळचं तापमान त्याहून ३-४ अंशांनी खाली जाऊ शकतं. म्हणजे मोबाईलवर ४ दिसलं तरी पानावर दहिवर गोठू शकतं. शून्याच्या खाली एक-दोन अंश गेलं की पानातलं पाणी गोठतं आणि पाला काळा पडतो. सगळ्यात जास्त धोका पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. ढग किंवा वारा असेल तर धोका कमी.
थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे जाते. त्यामुळे ओढ्याकाठचं, खोलगट रान आधी सांभाळा.

*२) सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय: हलकं पाणी*
ओली जमीन दिवसा ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरड्या भुसभुशीत मातीला हे जमत नाही.
▪️ दिवसाची लाईट असेल तर थंडीच्या रात्रीआधी दिवसाच पाणी द्या.
▪️ रात्रपाळीची लाईट असेल तर रात्री दारं धरा. विहिरीचं, बोअरचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा गरम असतं, त्याचाही फायदा होतो.
▪️ सरी निम्मी भरेल एवढंच पाणी. वरंबा बुडवायचा नाही.
▪️ रान आधीच ओलं असेल तर पुन्हा पाणी नको. जास्त ओल म्हणजे करप्याला आमंत्रण.

*३) तुषारवाल्यांसाठी खास सूचना*
पहाटे तुषार सुरू केले तर पानावरचा बर्फ पूर्ण वितळेपर्यंत बंद करायचे नाहीत. मध्येच लाईट गेली तर ओलं पान आणखी थंड पडतं आणि नुकसान वाढतं. लाईटची खात्री नसेल तर पहाटे तुषार लावूच नका, आदल्या दिवशी रान ओलं करून ठेवा.

*४) भर आणि झाकण*
कोंब नुकतेच वर आले असतील तर थोडी माती ओढून झाका, ते पुन्हा वर येतात. मोठ्या पिकाला भर लावायची असेल तर थंडी यायच्या आधी लावा आणि मग पाणी द्या. थंडीच्या तोंडावर कोळपणी किंवा खुरपणी करू नका, कारण मोकळी झालेली कोरडी माती रात्री लवकर गार पडते. क्षेत्र लहान असेल तर काठ्या रोवून जुन्या साड्या किंवा गोणपाट संध्याकाळी वरून टाका आणि ऊन आल्यावर काढा. कापड पानाला टेकू देऊ नका.

धुराबद्दल बरेच जण विचारतात. नुसत्या धुराचा फायदा फार कमी. जी काही मदत होते ती आगीच्या उष्णतेची, तीही बांधाकडेनं बऱ्याच लहान शेकोट्या असतील तर. शेजारी ऊस किंवा वाळलेलं गवत असेल तर हा उपाय नकोच.

*५) सकाळी पाला काळा दिसला तर?*
घाईनं पीक मोडू नका, आणि लगेच युरियाही टाकू नका. ५-६ दिवस थांबा. मातीतले डोळे जिवंत असतील तर नवे फुटवे येतात.
आधी हे ओळखा:
▪️ *थंडीचा फटका*: एका रात्रीत, शेंड्याकडची पानं सगळीकडे सारखी काळी. सखल भागात जास्त.
▪️ *उशिरा येणारा करपा*: पानाच्या कडेपासून ओलसर डाग, काही ठिकाणी ठिपके धरून पसरणारे. सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते.
थंडीच्या फटक्याला बुरशीनाशकाचा उपयोग नाही, तो खर्च वाया. पण दव, ढगाळ हवा आणि ओलं रान असेल तर करपा यायच्या आधीच मँकोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम, असं फवारा. लेबल वाचून, नाकातोंडाला फडकं बांधून.

*६) "आता जानेवारीअखेर बटाटा लावू का?"*
हा प्रश्न व्हिडिओ बघून येतोय. हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात हिवाळा सरताना बटाटा लावतात, कारण तिकडे पुढचे महिनेही थंड असतात. आपल्याकडे आत्ता लावलेला बटाटा पोसायला येईल तेव्हा एप्रिलचं ऊन असेल. रात्री गरम व्हायला लागल्या की गाठी धरणं मंदावतं, पाला वाढतो आणि खाली बटाटा बारीक राहतो. तेव्हा शिल्लक बेणं आहे म्हणून आता लागवड करू नका.

*आज एवढंच करा:* संध्याकाळी आभाळ आणि वारा बघा, वरंब्यात बोट घालून ओल तपासा, आणि रान कोरडं असेल तर लाईटच्या वेळेप्रमाणे हलकं पाणी द्या.

पाला काळा पडला असेल तर पानाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचे फोटो ग्रुपवर टाका. लागवडीची तारीख आणि शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहा. बघून सांगेपर्यंत कुठलंही औषध विकत आणू नका.

रात्री दारं धरायला जाताना बॅटरी आणि पायात बूट विसरू नका.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी