बटाटा कापण्याचे हातयंत्र

मंडळी, सुपारी कातरायचा अडकित्ता तुम्ही पाहिला असेल. घरात नसला तर आजीच्या पानाच्या डब्यात सापडेल. आज ज्या यंत्राची ओळख करून द्यायची आहे ते या अडकित्त्याचा थोरला भाऊ म्हणा ना! त्याला वीज लागत नाही. नवी मुंबईत तुर्भे, कोपरखैरणे, नेरूळ या बाजूला जी छोटी उपाहारगृहे आणि डबे पुरवणाऱ्या बायकांची स्वयंपाकघरे आहेत, त्यांच्यासारख्यांना हे यंत्र फार सोयीचे. दुकानात त्याला ‘चिप्स कटर’ म्हणतात.

त्याची रचना अगदी साधी आहे. भिंतीला किंवा ओट्याला पक्का बसवलेला एक सांगाडा, त्यात धारदार पात्यांची चौकोनी जाळी आणि जाळीसमोर एक दट्ट्या. दट्ट्याच्या तोंडाला जाळीच्या घराघरांतून बरोबर बसतील असे खुंट असतात. बटाटा जाळीवर ठेवायचा आणि लांब दांडा ओढायचा. एका दमात अख्ख्या बटाट्याच्या कांड्या होऊन खालच्या पातेल्यात पडतात.

हाताला एवढा जोर कुठून येतो? शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला असतो. ही दुसऱ्या प्रकारची तरफ. आपल्या यंत्रातही तसेच आहे. समजा, टेकूपासून दट्ट्या ८ सेंटिमीटरवर आहे आणि मूठ ४० सेंटिमीटरवर. मग जोर पाचपट होतो. हाताने १० किलोचा भार दिला की बटाट्यावर ५० किलोचा पडतो. घर्षणात थोडा वाया जातो, तो सोडून द्या.

तुम्ही म्हणाल, चाकू काय वाईट आहे? घरच्या चार माणसांपुरता मुळीच वाईट नाही. पण रोज दहा किलो बटाटा कापायचा म्हणजे कांड्या लहानमोठ्या होणारच. एकाच कढईत बारीक कांडी करपते, तेवढ्यात जाड कांडी आतून कच्ची राहते. जाळीने कापलेल्या कांड्या एका जाडीच्या निघतात, म्हणून एकदमच तळून होतात. यंत्राचा खरा नफा तो. वेळ वाचतो ते वेगळेच.

जाळ्या साधारण ६, ९ आणि १२ मिलिमीटरच्या मिळतात. कोणती घ्यावी? थोडा हिशेब करू. १२ मिलिमीटरच्या चौकोनी कांडीचा घेर ४८ मिलिमीटर. तीच उभी चिरून ६ मिलिमीटरच्या चार कांड्या केल्या, तर चौघींचा घेर मिळून ९६ होतो. बटाटा तेवढाच, पण तेलाला लागणारा पृष्ठभाग दुप्पट! बारीक कांडी कुरकुरीत खरी, पण तेल जास्त पिते. तेलाचा भाव पाहून काय ते ठरवा.

बोटांचेही बोलले पाहिजे. वेफर्स पाडायच्या सपाट किसणीवर शेवटचा तुकडा संपवायच्या लोभात बोटाची कातडी जाते, हे कित्येकींना ठाऊक आहे. दांड्याच्या यंत्रात हात पात्यापासून लांब असतो. तरीही जाळीत तुकडा अडकला की माणूस बोट घालतोच. तसे करू नका. पुढचा बटाटा लावून दांडा ओढा, अडकलेला तुकडा आपोआप पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. समजा, एका ताईंनी नवे यंत्र आणले, कांड्या सुरेख निघाल्या आणि कढईत पडताच तांबड्याकाळ्या झाल्या. दोष कोणाचा? यंत्राचा तर नव्हेच. दोष बहुधा शीतगृहाचा. मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८०च्या दशकात खाडी ओलांडून तुर्भ्याला आला. लोक त्याला वाशी मार्केट म्हणतात. तिथे आग्ऱ्याकडचा, गुजरातचा, आपल्याकडचा, असा परोपरीचा बटाटा येतो, आणि पुष्कळसा शीतगृहातून निघालेला असतो. दोन-चार अंशांच्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. भाजीला तो गोडसर लागतो एवढेच, पण तळणीत तीच साखर काळवंडते. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जास्त तापवलेल्या अशा पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे अपायकारक द्रव्यही तयार होते. म्हणून कांडी सोनेरी झाली की काढावी, तांबडी होऊ देऊ नये.

चिप्ससाठीचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात. व्यापाऱ्याला विचारा, माल कुठला आणि कसा ठेवलेला. विचारायला लाजू नका. पोते घेण्याआधी दोन बटाटे घरी नेऊन तळून पाहा. अति थंडीतून आलेला बटाटा दोन-तीन आठवडे उबदार, अंधाऱ्या जागी ठेवला तर साखर काहीशी उतरते. पण छोट्या स्वयंपाकघरात तेवढी जागा कुठे असते!

बटाटा किती पिठूळ आहे हे मात्र शाळेतही तपासता येईल. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ पुरते विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर त्यात पीठ भरपूर, चिप्सना चांगला. तरंगला तर पाणचट, तो रश्श्यात घाला. साखर मात्र या परीक्षेत कळत नाही, त्याला कढईच हवी. जातीही पाहाव्या लागतात. १९७२ साली आपल्या पठारी भागासाठी ‘कुफरी लवकर’ ही लवकर तयार होणारी जात आली, आणि १९९८ साली खास चिप्ससाठी ‘कुफरी चिप्सोना’. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागात पावसाळी बटाटा काढणाऱ्या शेतकऱ्यांनी गिऱ्हाइकाची ही गरज ध्यानात ठेवली, तर भावाची बोलणी वेगळी होतील.

कापलेल्या कांड्या लगेच पाण्यात टाकाव्या, म्हणजे वाऱ्याने काळ्या पडत नाहीत आणि वरचे पीठ धुऊन जाते. तळण्याआधी फडक्यावर नीट कोरड्या करा, नाहीतर तेल अंगावर उडेल. जाळी रोज घासून, पुसून, वाळवून ठेवायची. दांडा ओढताना नेहमीपेक्षा जोर लागू लागला किंवा कांडीच्या कडा चुरडलेल्या दिसल्या, तर पात्यांची धार गेली असे समजून जाळी बदला.