गोळी कशासाठी, आणि तिचा त्रास कोणता?

गेल्या गळीत हंगामाची सांगता झाली आणि आम्ही आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो. काम कारखान्याचे नव्हते. आपल्या एका सभासदांच्या लेकीचे सासर तिकडे आहे. दोन वर्षांपूर्वी जावई आंब्याच्या झाडावरून पडले, पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचे अंग गेले. सभासद आम्हाला म्हणाले, "एकदा बघून या. आमच्या घरात घडलं ते पत्रिकेत छापा. नाव नको, पण दुसऱ्याच्या घरी असं घडायला नको."

कोकणात आंबा, नारळ, सुपारी ही झाडावर चढून काढायची पिके. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' आला, माडावर चढायची यंत्रे आली, तरी पाय घसरायचा तो घसरतोच. आपल्याकडेही उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून, विहिरीच्या काठावरून, मोटारसायकलवरून पडून अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत. तेव्हा हा प्रश्न घाटाखालचा म्हणून सोडून देता येणार नाही.

घडले ते असे

मज्जारज्जूला इजा झाली की पाय हलत नाहीत, पण पुष्कळदा आपोआप ताठतात, झटके देतात. त्यासाठी जावईबापूंना बॅक्लोफेन नावाची गोळी सुरू झाली. पायांचा ताठरपणा उतरला, पण दिवसभर झापड येऊ लागली. खुर्चीत बसवले की चक्कर येई. घरच्यांना वाटले, माणूस मनाने खचला. डॉक्टरांकडे गेले की बोलायचे सासरे, ऐकायचे सासरे. ज्याचे दुखणे तो गप्प. चार माणसांसमोर लघवी-संडासचे, नवरा-बायकोचे काय बोलायचे, हाही संकोच.

शेवटी जावईबापूंनी मनाशीच ठरवले, गोळी नको. कुणाला न सांगता एकदम बंद केली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय लाकडासारखे झाले, ताप चढला, नाही ते दिसू लागले. रात्रीच गाडी करून दवाखाना गाठला. जीव वाचला.

तिथे डॉक्टरांनी विचारले, "गोळी कधी सोडली?" घरातल्या कुणालाच माहीत नव्हते. सासरे चिडून म्हणाले, "गोळीनं झोप येते आणि ती एकदम सोडायची नसते, हे आम्हाला कुणी सांगितलं?" डॉक्टर म्हणाले, "आणि त्यांना चक्कर येते, हे मला कुणी सांगितलं?" दोघांचेही खरे होते.

तणनाशकाचा धडा

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. उसात टू-फोर-डी मारताना वारा कुठला, शेजारी द्राक्षबाग आहे का, हे आपण बघतो. औषध तण मारते, पण उडाले तर शेजारच्या बागेचेही नुकसान करते. तसेच गोळीचे. म्हणून ती वाईट ठरत नाही, पण वारा बघावा लागतो.

मणक्याच्या रुग्णांना नेहमी मिळणाऱ्या काही औषधांचे त्रास सांगून ठेवतो. बॅक्लोफेनने झोप, चक्कर, अंगात ढिलेपणा येतो. बंद करायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत आणावे लागते. टिझानिडीनने रक्तदाब उतरतो, तोंड कोरडे पडते. यकृताची तपासणीही लागू शकते. नसांच्या जळजळीवरील प्रेगॅबालिनने गुंगी येते, पायांवर सूज येते, वजन वाढते. लघवीच्या पिशवीसाठी दिलेल्या ऑक्सिब्युटिनिनने तोंड सुकते आणि बद्धकोष्ठ होतो. आधीच ज्याचे पोट साफ होत नाही, त्याला हा त्रास लहान नव्हे. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या फार दिवस खाल्ल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात.

आणखी एक अडचण आहे. या रुग्णाला कमरेखाली दुखलेले कळत नाही. दुखत नाही म्हणजे दुखणे नाही, असे समजू नये. इजा छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर असेल आणि एकाएकी डोके ठणकू लागले, तोंड लाल झाले, घाम फुटला, तर ते गोळीचे म्हणून सोडू नका. लघवी तुंबली किंवा पोट साफ झाले नाही तरी रक्तदाब असा भडकतो. रुग्णाला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का पाहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा.

विचारणे हा हक्क आहे

डॉक्टरसाहेब रागावतील म्हणून पुष्कळ जण विचारत नाहीत. पण उपचार कोणता, त्यात धोका काय, दुसरा मार्ग आहे का, याची पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नियम आहे. औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्यासाठी २०१० पासून देशात औषधदक्षता कार्यक्रम सुरू आहे. १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो.

डॉक्टरांची बाजूही पाहिली पाहिजे. बाहेर रांग असते, एका रुग्णाला चार मिनिटे मिळतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून घरूनच लिहून न्यावे: कोणती गोळी, किती वाजता, नंतर काय झाले. डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात: ही कशासाठी, त्रास कोणता होईल, कोणत्या त्रासाला लगेच यावे, आणि बंद करायची तर कशी. बोलू द्यावे ते रुग्णालाच. थोडा वेळ बाकीच्यांनी बाहेर थांबावे.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. ऐन तारुण्यात त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले, तरी १९८४ मध्ये त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मचरित्र अशा प्रत्येक घरात वाचले जावे.

आम्ही निघालो तेव्हा जावईबापू ओटीवर खुर्चीत बसून होते. आता गोळी सुरू आहे, पण मात्रा डॉक्टरांनी बदलून दिली आहे. दुपारी झापड येत नाही. त्यांनी उशाशी ठेवलेली वही आम्हाला दाखवली. तारीख, वेळ, गोळी, त्रास, सगळे अक्षर त्यांचे स्वतःचे.

"मामा उसाच्या पावत्या जपतात ना, तशी जपतो," ते म्हणाले. "आता डॉक्टर आधी वही मागतात आणि मग माझ्याशी बोलतात."