पडदा नसलेल्या डब्यांतले लिनक्स : २००४ ते २०२५

२००४ मध्ये लिंकसिसने एनएसएलयू२ नावाचा एक डबा बाजारात आणला. आकार लहानशा पुस्तकाएवढा, आत डिस्क नाही, मागे दोन यूएसबी सॉकेट आणि एक नेटवर्कचे. बाहेरची डिस्क जोडायची आणि घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांनी ती नेटवर्कवरून वापरायची, एवढेच त्याचे काम. आत इंटेलचा आयएक्सपी४२० प्रोसेसर, ३२ एमबी रॅम आणि ८ एमबी फ्लॅश मेमरी. कंपनीने त्यात घातलेली मूळ सिस्टिमही लिनक्सचीच होती. लिनक्सच्या परवान्यानुसार तिचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि तेथून पुढच्या सगळ्या खटाटोपाला वाट मिळाली.

नावातल्या अक्षरांवरून या डब्याला ‘स्लग’, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय, असे टोपणनाव पडले. त्याच सुमारास जपानमध्ये बफेलो कंपनीच्या लिंकस्टेशन या अशाच डब्याचा गाभा ‘कुरोबाको’, म्हणजे काळी पेटी, या नावाने मुद्दाम हौशी मंडळींसाठी विकला जात होता. त्यात पॉवरपीसी प्रोसेसर आणि ६४ एमबी रॅम होती, म्हणजे स्लगच्या दुप्पट. तरी गर्दी जमली ती स्लगभोवतीच. एनएसएलयू२-लिनक्स या प्रकल्पाने आधी ‘अनस्लंग’ हे फर्मवेअर काढले. त्यात कंपनीची सिस्टिम तशीच ठेवून तिची दारे उघडलेली होती. नंतर मूळ सिस्टिम पूर्ण काढून टाकणारे ‘ओपनस्लग’ आणि ‘स्लगओएस’ आले. सुरुवातीचे स्लग २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असूनही १३३ वर चालत. बोर्डावरचा आर८३ हा एक रेझिस्टर काढला की ते पूर्ण वेगाने धावू लागत. हे समजताच अनेकांनी घरी बसून तो बारीक तुकडा उपटून काढला.

पण सर्वसाधारण लिनक्स, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर चालते तेच डेबियन, या डब्यात बसवणे ही वेगळी गोष्ट होती. ते काम प्रामुख्याने मार्टिन मिखल्मायर यांनी तडीस नेले. २००३ ते २००५ या काळात ते डेबियन प्रकल्पाचे निर्वाचित प्रमुख होते. एप्रिल २००७ मध्ये डेबियन ४.० प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या इन्स्टॉलरमध्ये स्लगचा समावेश होता. या आवृत्तीचे मोल मोठे आहे. तोवर अशा डब्यावर लिनक्स म्हणजे कोणीतरी एकट्याने बांधलेली इमेज, आणि तो थकला की तिची दुरुस्तीही थांबणार. डेबियनमुळे या डब्याला हजारो तयार पॅकेजे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा नियमित ओघ मिळाला.

बसवण्याची कृती मात्र कोणत्याही पुस्तकी इन्स्टॉलेशनपेक्षा निराळी होती. डबा बंद करायचा. सरळ केलेल्या पेपरक्लिपचे टोक मागच्या रिसेटच्या छिद्रात घालून दाबून धरायचे आणि तसेच धरून पॉवरचे बटण दाबायचे. समोरचा स्टेटसचा दिवा पिवळसर असतो. काही सेकंदांनी तो लाल होतो, आणि होताक्षणी क्लिप सोडायची. उशीर झाला की डबा नेहमीसारखाच सुरू होतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. वेळ साधली तर दिवा लाल-हिरवा असा आलटूनपालटून लुकलुकू लागतो. म्हणजे डब्यातला बूटलोडर, रेडबूट, नवी इमेज घ्यायला तयार आहे. ती ‘अपस्लग२’ या छोट्या प्रोग्रामने शेजारच्या कॉम्प्युटरवरून पाठवायची. हा व्यवहार आयपी पत्त्यांच्याही खालच्या पातळीवर, थेट इथरनेटच्या फ्रेम्समधून चालतो. म्हणून दोन्ही यंत्रे एकाच स्विचवर असावी लागत. मध्ये राउटर आला की डबा सापडत नसे.

इमेज लिहून झाली की डबा पुन्हा सुरू होई, पण पडद्यावर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पडदा जोडायला जागाच नाही. इन्स्टॉलर नेटवर्क चालू करी, बीप वाजवून तयार असल्याचे कळवी, आणि मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने आत शिरायचे. पुढचे प्रश्न ओळखीचे असत: डिस्कचे भाग कसे पाडायचे, स्वॅप किती ठेवायचा, पासवर्ड काय. ३२ एमबी रॅममध्ये हे सगळे तासन् तास चाले. घाई करून मध्येच डबा बंद करणे हीच त्यातली सगळ्यात मोठी चूक.

नेटवर्कचे एक दुखणे त्यातच होते. स्लगचे इथरनेट प्रोसेसरच्या आतल्याच एका भागावर चालते आणि त्या भागाला इंटेलचा मायक्रोकोड लागतो. त्याचा परवाना मुक्त नसल्याने डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये तो घालता येत नव्हता. मायक्रोकोडसह तयार इमेज वेगळीकडून उतरवून घ्यावी लागे, नाहीतर डब्याच्या यूएसबीत निराळा इथरनेट अडॅप्टर लावावा लागे. जे यंत्र फक्त नेटवर्कनेच बोलते, त्याचे तोंडच परवान्याच्या अटीत अडकले होते. तत्त्व सोडायचे नाही आणि लोकांची सोयही बघायची, अशी ती तडजोड होती, आणि ती प्रामाणिकपणे निभावली गेली.

बूट होण्याचा क्रम समजून घेतल्याशिवाय पुढच्या बिघाडांचा उलगडा होत नाही. रेडबूट फ्लॅशमधल्या ठरलेल्या जागेवरून कर्नल उचली. कंपनीची सिस्टिम बिग एंडियन होती, म्हणजे आकड्यातला मोठ्या मूल्याचा बाइट आधी. या प्रोसेसरच्या एआरएम घराण्यासाठीची डेबियनची आवृत्ती लिटल एंडियन, नेमकी उलट. मग रेडबूटला कर्नल वाटावा असा ‘एपेक्स’ हा मार्क सिंगर यांचा दुसरा बूटलोडर मध्ये बसवला गेला. तो बाइटांचा क्रम बदलून खरा कर्नल आणि त्याची इनिट्रॅमएफएस मेमरीत आणी. इनिट्रॅमएफएस म्हणजे डिस्क सापडेपर्यंत कामाला येणारी तात्पुरती छोटी फाइल सिस्टिम. कर्नल बदलला की ‘फ्लॅश-कर्नल’ हे डेबियनचे साधन या दोन्ही गोष्टी फ्लॅशमध्ये पुन्हा लिही. हे लिखाण चालू असताना वीज गेली तर फ्लॅशमध्ये अर्धवट कर्नल राही. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत महाराष्ट्रात यूपीएसशिवाय असा अपग्रेड करणे धोक्याचेच होते. पण रेडबूट शाबूत असेपर्यंत पेपरक्लिपची वाट खुली असे. बूटलोडरच्या जागेला हात लावायचा नाही, हा या क्षेत्रातला पहिला नियम तेव्हापासूनचा.

सुरू न होणारा डबा बाहेरून एकसारखाच दिसतो: दिवा लागलेला, नेटवर्कवर पत्ता नाही. आत मात्र कारणे अगदी वेगवेगळी असतात. एक म्हणजे डिस्कची नावे. दोन यूएसबी डिस्क असतील तर आज एसडीए असलेली डिस्क उद्या एसडीबी होऊ शके, आणि कर्नल भलत्याच डिस्कवर रूट शोधी. उपाय म्हणजे नावाऐवजी डिस्कवर कोरलेला यूयूआयडी वापरणे. दुसरे, यूएसबीची डिस्क फिरायला लागायच्या आतच कर्नल तिला हाक मारी. त्यासाठी ‘रूटडिले’ या पॅरामीटरने काही सेकंद थांबायला सांगावे लागे. तिसरे आणि सर्वांत जास्त छळणारे कारण म्हणजे एफएससीके. वीज गेल्यानंतर फाइल सिस्टिमची तपासणी चाले, काही गंभीर सापडले की दुरुस्त करू का, असा प्रश्न विचारून ती थांबे, आणि उत्तर द्यायला ना पडदा ना कीबोर्ड. डबा बिघडलेला नसे, तो फक्त उत्तराची वाट पाहत असे. डेबियनच्या सेटिंगमध्ये ‘एफएससीकेफिक्स’ला होकार दिला की तो न विचारता दुरुस्ती करी. पडदा नसलेल्या यंत्रावर हा होकार पहिल्याच दिवशी देऊन ठेवायला हवा असे.

डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स कॉम्प्युटरला लावणे आणि लॉग वाचणे ही निदानाची पहिली पायरी. लॉगमध्ये त्या दिवशीची एकही ओळ नसेल तर यंत्र डिस्कपर्यंत पोचलेच नाही. तसे असेल तर खरा साक्षीदार एकच, सीरियल कन्सोल. स्लगच्या बोर्डावर पिना न बसवलेली काही छिद्रे होती. तेथे तारा डाखल्या की ११५२०० च्या वेगाने बूटलोडरचे आणि कर्नलचे सगळे बोलणे ओळीओळीने दिसे. मात्र ती ओळ ३.३ व्होल्टची असे. जुन्या कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टवर त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज येते, आणि मधे कन्व्हर्टर न लावता तो सरळ जोडला तर चिप जळते. स्वस्तातली सोय म्हणून नोकियाच्या सीए-४२ या डेटा केबलच्या नकला वापरल्या जात. केबल कापायची, आतल्या तारा ओळखायच्या, डाखायच्या.

२००७ च्या सुमारास मार्व्हेलच्या ओरायन चिपचे डबे आले. क्यूनॅपचे टीएस-१०९ आणि टीएस-२०९ त्यांतले ठळक. ५०० मेगाहर्ट्झ, आत बसणारी साटा डिस्क, आणि रेडबूटऐवजी यू-बूट. डेबियन ५.० ने फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना सामावून घेतले. इन्स्टॉलेशनआधी मूळ फ्लॅशचे सगळे भाग फाइलींत उतरवून दुसरीकडे जपून ठेवायचे, ही सूचना येथे ठळकपणे दिली जाई, आणि ज्यांनी ती पाळली त्यांना मूळ सिस्टिमवर परत जाता आले. याच ५.० आवृत्तीत डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही आला. पण देवनागरी नीट उमटायला ग्राफिकल इन्स्टॉलर लागे, आणि या डब्यांना तर पडदाच नाही. त्यामुळे मराठी वापरणाऱ्यालाही डब्याशी इंग्रजीतच बोलावे लागले.

२००९ मध्येच मार्व्हेलने शीवाप्लग आणला: भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसणारा, १.२ गिगाहर्ट्झच्या किर्कवुड चिपचा, ५१२ एमबी रॅमचा, ९९ डॉलरचा. त्याची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे सीरियल कन्सोल मिनी-यूएसबीच्या सॉकेटमधून मिळत असे, डाखकाम नको. किर्कवुडची चिप नंतर पोगोप्लग, झायझेल, आयोमेगा अशा अनेक डब्यांत दिसली. या चिपमध्ये आणखी एक सोय होती. फ्लॅशमधला बूटलोडर पुसला गेला तरी चिपमधला कायमचा बूट-रॉम सीरियल ओळीवर एक ठरावीक बाइटमालिका ओळखतो आणि मग त्याच ओळीने नवा यू-बूट मेमरीत घेतो. २०१२ मध्ये यू-बूटमध्ये आलेले ‘केडब्ल्यूबूट’ हे साधन नेमके हेच करते. मेलेला म्हणून कपाटात टाकलेला डबा चार तारांनी जागा होऊ लागला.

शीवाप्लगवर पहिल्या बूटला अडकवणारा एक बारकावा होता. यू-बूट कर्नलला यंत्राचा क्रमांक सांगतो, आणि कारखान्यातून आलेल्या यू-बूटमध्ये तो मुख्य प्रवाहातल्या कर्नलला कळेल असा नसे. २०९७ हा क्रमांक हाताने भरून जतन करावा लागे. तो चुकला की कर्नल सुरू व्हायच्या आधीच शांतता.

या क्रमांकांच्या पद्धतीनेच पुढचे मोठे वळण आणले. प्रत्येक एआरएम बोर्डासाठी कर्नलमध्ये वेगळी फाइल साचत चालली होती. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी व्यक्त केली आणि सगळे डिव्हाइस ट्रीकडे वळले. यंत्राचे वर्णन कर्नलबाहेरच्या छोट्या फाइलीत ठेवण्याची ही पद्धत आहे. जुन्या यू-बूटला डिव्हाइस ट्री माहीतच नव्हती. म्हणून ती फाइल कर्नलच्या शेपटीला चिकटवून देण्याची तोड निघाली. एप्रिल २०१५ च्या डेबियन ८ पासून किर्कवुडच्या डब्यांवर फ्लॅश-कर्नल हे आपोआप करी. ज्यांनी ते साधन बाजूला ठेवून हाताने कर्नल बसवला, त्यांचे डबे अपग्रेडनंतर उठले नाहीत.

त्याच आवृत्तीत यंत्र सुरू करण्याचे काम सिस्टिमडीकडे आले आणि एक सवय मोडली. पूर्वी एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत नोंदलेली एखादी बाहेरची डिस्क लावलेली नसली तरी डबा पुढे जाई. सिस्टिमडी तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. त्या मोडमध्ये एसएसएच नसते. बॅकअपची डिस्क घरी विसरून आलेल्याला एवढ्यावरून वाटे की डबाच गेला. एफएसटॅबमधल्या त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहिणे एवढाच उपाय.

२०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला आणि प्रश्नांचे रूप पालटले. पडदा जोडता येत असल्याने डबा मुका राहिला नाही. पण पायमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नव्हते. सुरू होताना वेळ मागची असे, आणि डिस्क शेवटची वापरली ती ‘भविष्यात’ असे एफएससीकेला वाटून ते अडून बसे. ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ बंद होतानाची वेळ लिहून ठेवून हे टाळते. २०१९ च्या पाय ४ ने यूएसबी ३ आणि पूर्ण वेगाचे गिगाबिट इथरनेट दिले आणि घरगुती साठवणीसाठी तो खरा उपयोगी झाला. तेथे खरा त्रास डिस्कच्या केबलमधल्या चिपचा. काही चिपा यूएएस ही जलद पद्धत नीट पाळत नाहीत आणि बूट रेंगाळतो किंवा डिस्क मधेच नाहीशी होते. कर्नलच्या ओळीत त्या चिपचा क्रमांक लिहून यूएएस बंद केले की डिस्क सुरळीत चालते.

जुन्या डब्यांना जागेची अडचण भोवली. ओरायनच्या क्यूनॅपमध्ये कर्नलसाठी फ्लॅशमध्ये २ एमबी जागा आहे. डेबियनच्या कर्नल गटाने एकेक सोय वगळून बरीच वर्षे कर्नल त्यात बसवला, पण पुढे ते शक्य राहिले नाही आणि या डब्यांचा आधार काढून घेतला गेला. किर्कवुडचे अनेक डबे जून २०२३ च्या डेबियन १२ पर्यंत चालत आले. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये, हे डबे ज्या ‘आर्मेल’ या एआरएमसाठीच्या आवृत्तीवर चालत, तिचा इन्स्टॉलरच नाही, आणि तिची ही शेवटचीच खेप असल्याचे जाहीर झाले आहे.

स्लगचे काय, तर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आयएक्सपी४ मालिकेचा कोड २०१९ नंतर नव्याने लिहून डिव्हाइस ट्रीवर आणला गेला. एनएसएलयू२ चे वर्णन करणारी फाइल आजच्या कर्नलच्या सोर्समध्ये आहे.