डाळिंबाची साल, द्राक्षाची बी : कचरा की कच्चा माल?

सांगलीची द्राक्षे, आटपाडी-जतचे डाळिंब, साताऱ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. रस, वाइन, जॅम तयार झाला की उरतो चोथा. तो फेकला तर सडतो; वेळीच हाताळला तर औषधी घटकांचा कच्चा माल ठरतो.

त्यात असते काय?
डाळिंबाच्या वजनात साल साधारण ४० ते ५० टक्के. प्युनिकॅलॅजिन हे अँटिऑक्सिडंट याच सालीत भरपूर असते. द्राक्षाच्या बियांतून तेल व प्रोअँथोसायनिडिन, तर सालीतून रेस्व्हेरॅट्रॉल मिळते.

अडते कुठे?
ओला चोथा लवकर आंबतो, त्याला बुरशी लागते. त्यामुळे तो कारखान्याजवळच तातडीने वाळवावा लागतो. फवारणीचे अंश सालीवर राहू शकतात. म्हणून तपासणी अटळ.

विकायचे कसे?
पूरक आहारासाठी ‘एफएसएसएआय’चे नियम, औषधासाठी स्वतंत्र परवाना. घरी दळलेली सालीची पूड म्हणजे औषध नव्हे.

शेतकऱ्याला काय?
साताऱ्याजवळ देगावला २०१८ मध्ये मेगा फूड पार्कचे उद्घाटन झाले. अशा ठिकाणी सामायिक ड्रायर आणि प्रयोगशाळा छोट्या उद्योगांना परवडल्या, तरच चोथ्याला भाव येईल. त्यातला वाटा बागायतदाराला मिळेल का, हे मात्र खरेदी करारावर ठरेल.