संध्याकाळची चटपटीत ओढ
वडापाव, वेफर्स, फरसाण यांची ओढ बहुधा संध्याकाळी बळावते. दुपारी नुसत्या पोळी-बटाट्यावर जेवण उरकले असेल तर अधिकच. वरण, उसळ, कोशिंबीर यांतील प्रथिने आणि तंतू पोट बराच वेळ भरलेले ठेवतात; म्हणून या ओढीवरचा खरा उपाय दुपारच्या ताटात आहे. शिवाय पदार्थाचाही वाटा असतो: अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हवे तेवढे खायची मुभा असताना लोकांनी कमी प्रक्रिया केलेल्या अन्नापेक्षा अतिप्रक्रिया केलेल्या अन्नातून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते. आवडता पदार्थ कायमचा वर्ज्य करणे कठोर आणि बहुधा निष्फळ; आठवड्यातून एखादा वडापाव चवीने खावा. एरवी चारच्या सुमारास भाजलेले चणे किंवा मोड आलेल्या मटकीची भेळ पुरते.